इंटकॅल२० डेटा फाईल रिव्ह्यू: फुकटात १२ हजार वर्षांचा सूर्य, पण ११ वर्षांचं चक्र शोधायला ही घेऊ नका

रेटिंग आधीच सांगून टाकतो, ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते खाली येतंय, आणि खरं तर त्यात फाईलचा दोष कमी आणि लोक तिच्याकडून जे मागतात त्याचा जास्त आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इंटकॅल२० ही पुरातत्त्ववाल्यांची चीज आहे. हाड, कोळसा, लाकूड सापडलं की कार्बन-१४ ने वय काढतात हे आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं. पण लॅब जो आकडा देते तो कच्चा असतो, कारण हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण कायम एकच होतं असं धरून तो काढतात आणि तसं ते नव्हतंच (त्यात गंमत म्हणजे हा कच्चा आकडा आजही कार्बन डेटिंग शोधणाऱ्या लिबीच्या जमान्यातल्या ५५६८ वर्षांच्या अर्धायुष्यावर काढतात, खरं अर्धायुष्य ५७०० च्या आसपास आहे हे ठाऊक असूनही, सगळे जुने आकडे जुळते राहावेत म्हणून). मग जगभरच्या लोकांनी काय केलं, ज्या लाकडाचं वय वलयं मोजून वर्षागणिक पक्कं ठरलंय त्याच्यातला कार्बन-१४ मोजत मोजत मागे गेले आणि एक कॅलिब्रेशनचा वक्र (कच्च्या वयावरून खरं वय काढायचा आलेख) तयार केला, त्याची २०२० ची आवृत्ती म्हणजे इंटकॅल२०. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीच्या पॉला रायमर आणि त्यांची भलीमोठी आंतरराष्ट्रीय टीम. उत्तर गोलार्धासाठी हा, दक्षिण गोलार्धाला एसएचकॅल२० आणि समुद्रातल्या नमुन्यांना मरीन२०. किंमत शून्य रुपये, ईमेल मागत नाही, डाउनलोड करा आणि वापरा.

आता आपल्यासारख्या आकाशवेड्या लोकांना ह्यात काय? तर पुरातत्त्ववाल्यांना जी कटकट वाटते तोच आपला माल आहे. कार्बन-१४ चं प्रमाण वरखाली का झालं, तर त्यात सूर्याचा मोठा हात आहे. आकाशगंगेतून येणारे वैश्विक किरण वातावरणाच्या वरच्या थरात आपटतात, त्यातून न्यूट्रॉन सुटतात, न्यूट्रॉन नायट्रोजनला धडकला की कार्बन-१४ तयार होतो, मग त्याचा कार्बन डायऑक्साईड होतो, झाड तो खातं आणि त्या वर्षाच्या वलयात तो बंद होतो. सूर्य जोरात असला, त्याच्यावरचे काळे डाग भरपूर असले, की त्याचं चुंबकीय क्षेत्र आणि सौरवारा हे किरण अडवतो, म्हणजे कार्बन-१४ कमी. सूर्य थंडावला की किरण जास्त आत येतात, कार्बन-१४ जास्त. थोडक्यात आलेख उलटा वाचायचा, टेकडी दिसली की समजायचं सूर्य झोपलेला होता. हे एकदा डोक्यात बसवून घ्या, नाहीतर पुढचं सगळं चुकीचं दिसेल.

फाईलबद्दल. एक्सटेन्शन विचित्र आहे, डॉट १४सी, त्यामुळे विंडोज विचारतं कशात उघडू, नोटपॅडमध्ये उघडा नाहीतर एक्सेलमध्ये इम्पोर्ट करा, आत साधा स्वल्पविरामवाला टेक्स्ट आहे. वर थोड्या हेडरच्या ओळी आणि मग पाच कॉलम: खरं वय, कच्चं कार्बन वय, त्याची एरर, डेल्टा कार्बन-१४ (हवेतलं कार्बन-१४ ठरलेल्या पातळीपेक्षा किती कमी-जास्त), आणि त्याची एरर. एकूण ९५०१ ओळी, सगळ्यात जुनं वरती, ५५ हजार वर्षांपासून सुरू. शेवटची ५ हजार वर्षं एकेका वर्षाच्या पायरीने आहेत, त्याआधी १५ हजारापर्यंत ५ वर्षांनी, पुढे १० आणि मग २०. वय हे १९५० पासून मागे मोजलेलं असतं त्यामुळे १९५० वजा तो आकडा केला की इसवी सन मिळतो. आपल्याला चौथा कॉलम पाहिजे, डेल्टावाला, तो दर हजारी मध्ये आहे. कच्च्या वयाच्या कॉलमवर आलेख काढून "कुठेय सूर्य" विचारू नका, तिथे तो एका तिरक्या रेषेत दबून जातो.

१२ हजार वर्षांच्या अलीकडचंच घ्या. तिथपर्यंत सगळं झाडांच्या वलयांवर आहे, पक्कं. फार मागे गेलात की चीनमधल्या हुलू गुहेतले लवणस्तंभ, जपानच्या सुइगेत्सु तलावाच्या गाळातली पानं, प्रवाळ, समुद्रतळाचा गाळ असं सगळं मिसळायला लागतं, पुरातत्त्वासाठी ठीक आहे पण सूर्याच्या बारीक हालचाली बघायला उपयोग नाही.

पहिला आलेख काढलात की थोडी निराशा होईल हे आधीच सांगतो. एक मोठा उतार दिसतो आणि त्याच्यावर बारीक सुरकुत्या. तो उतार बराचसा पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकीय क्षेत्राचा आहे, ते काही हजार वर्षांत कमजोर-जोरदार होत आलंय, शिवाय समुद्र कार्बन किती गिळतो-सोडतो तेही त्यात. सूर्य त्या सुरकुत्यांमध्ये आहे. एक्सेलमध्येच हजार वर्षांची चालती सरासरी काढा आणि मूळ आकड्यातून वजा करा, झालं, फार डोकं लावायची गरज नाही (पायथन येत असेल तर नीट फिल्टर लावा, पण पहिल्यांदा बघायला हे पुरतं). त्या मोठ्या खिडकीमुळे शेवटच्या ५०० वर्षांसाठी पूर्ण सरासरी मिळत नाही, तिथे वजाबाकी न करता मूळ कॉलमच बघितला तरी चालतं, टेकड्या डोळ्यांनी दिसतात.

आणि मग जे दिसतं ना, त्याला चार स्टार. सन १७०० च्या आसपास एक स्पष्ट टेकडी, डेल्टा १५ च्या वर जातो, तो माउंडर मिनिमम (मिनिमम म्हणजे सूर्य मंदावल्याचा काळ), १६४५ ते १७१५, जेव्हा युरोपातले लोक दुर्बिणी लावून बसले होते आणि सूर्यावर डाग जवळपास दिसतच नव्हते. त्याच्या मागे १५ व्या-१६ व्या शतकात श्पोरर, अजून रुंद. त्याच्या मागे १३०० च्या आसपास वुल्फ. त्याच्याही मागे ११ व्या शतकात उर्ट. माउंडर सोडला तर ह्यातल्या एकाच्याही वेळी दुर्बीण नव्हती, दुर्बिणीने डाग बघणं १६१० च्या सुमाराला सुरू झालं, म्हणजे ते फक्त झाडांनी नोंदवलेत. आपल्या इतिहासाच्या अंगाने बघायचं तर शिवराज्याभिषेक १६७४ चा, औरंगजेब गेला १७०७ ला, म्हणजे स्वराज्याची सगळी धामधूम ही बिनडागाच्या सूर्याखाली झाली. त्याचा त्याच्याशी संबंध जोडत बसू नका प्लीज, मी फक्त तारखा शेजारी ठेवतोय.

हे नुसतं आपल्याला मजा म्हणून नाही. हेसेल दे व्रीस नावाच्या डच माणसाने १९५८ मध्येच दाखवलं की हवेतला कार्बन-१४ शतकागणिक हलतो, लिबीला कार्बन डेटिंगसाठी नोबेल मिळायच्या दोन वर्षं आधी. आणि जॅक एडी ह्या सौरशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये माउंडर मिनिमम खरंच झाला होता, लोकांचं बघणं कमी पडलं म्हणून डाग दिसले नाहीत असं नाही, हे पटवायला जे पुरावे दिले त्यात झाडांचा कार्बन-१४ हा मोठा होता. त्या टेकड्या साधारण २०० वर्षांच्या अंतराने येताना दिसतात त्याला दे व्रीस चक्र म्हणतात, त्याचंच नाव सुएस चक्रही, साधारण २०५-२१० वर्षं, पण घड्याळासारखं धरू नका, काही हजार वर्षं ठळक असतं आणि मध्येच गायब होतं. अशाच डेटावरून उसोस्किन ह्या सौरशास्त्रज्ञाने आणि मंडळींनी २००७ मध्ये मोजलं की गेल्या ११ हजार वर्षांत २७ मोठे मिनिमम झाले, म्हणजे जवळपास १७ टक्के वेळ सूर्य असा मंदावलेला होता.

एक खबरदारी. १८५० नंतरचा भाग ह्या कामासाठी वापरू नका. तिथे वक्र घसरत जातो, १९५० ला उणे २४ च्या आसपास पोचतो आणि नवखा माणूस म्हणतो अरे वा सूर्य केवढा पेटला. तर सूर्याचा त्यात वाटा आहे थोडा पण मोठी गोष्ट वेगळी आहे, कोळसा जाळला आपण, कोळशात कार्बन-१४ उरलेलाच नसतो, तो हवेत मिसळून प्रमाण पातळ झालं. आणि १९५० नंतर तर अणुचाचण्यांनी सगळं डबल करून ठेवलं, तो भाग ह्या फाईलमध्ये नाहीच, त्याचे वक्र वेगळे (त्यात आपल्या ठाण्याजवळच्या एका सागाच्या झाडाची मोजणी पण आहे, बघून जाम भारी वाटलं).

आता माझा सगळ्यात आवडता भाग, पहिल्या कॉलममध्ये ११७५ असलेली ओळ. म्हणजे सन ७७५. तिथे वक्र एकदम उडी मारतो. नागोयाच्या फुसा मियाके यांनी २०१२ मध्ये जपानी देवदाराच्या वलयांत हे पकडलं, ७७४ ते ७७५ एका वर्षात १२ दर हजारी वाढ. सूर्य हळूहळू मंदावण्याने असं होत नाही, एवढ्या कमी वेळात एवढा माल तयार व्हायला सूर्यावरून कणांचा प्रचंड झोत यायला लागतो, आणि नंतर ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका दोन्हीकडच्या बर्फात त्याच वेळचा बेरिलियम-१० आणि ग्रीनलंडच्या बर्फात क्लोरीन-३६ पण वाढलेला सापडला (हेही वैश्विक किरणांनीच बनतात). मे २०२४ मध्ये सौरवादळामुळे लडाखच्या हानलेहून लाल आकाश दिसलं आणि आपण सगळे फोटो शेअर करत होतो, ७७४ वालं त्याच्यापुढे कुठल्या कुठे. १८५९ चं प्रसिद्ध कॅरिंग्टन सौरवादळ तर ह्या वक्रात दिसतही नाही. ९९३ ला अजून एक उडी आहे, जरा लहान, आणि तिचा उपयोग बघा काय झाला, कॅनडात न्यूफाउंडलंडला व्हायकिंग लोकांची वस्ती आहे लांस ओ मेडोज, तिथल्या तोडलेल्या लाकडात ९९३ चं वलय सापडलं, तिथून सालीपर्यंत २८ वलयं मोजली, झाड १०२१ ला तोडलं हे नक्की. एवढं अचूक, इसवी सनासकट.

आता कापलेला स्टार. लोक ही फाईल घेतात, ११ वर्षांचं सौरचक्र (डाग साधारण ११ वर्षांनी वाढतात-कमी होतात ते) शोधायला बसतात, फुरिए ट्रान्सफॉर्म (आकड्यांत लपलेली चक्रं काढायचं गणित) मारतात आणि काहीच मिळत नाही, किंवा जे मिळतं तो गोंगाट असतो. त्याला कारणं आहेत. ११ वर्षांत कार्बन-१४ चं उत्पादन चांगलं वीसेक टक्क्यांनी वरखाली होतं पण हवेतल्या प्रमाणात तो फरक शंभरपट दबून एक-दोन दर हजारी उरतो, कारण हवेत, झाडांत, समुद्रात आधीचा साठाच एवढा आहे, सोसायटीच्या मोठ्या टाकीचा इनलेट थोडा कमी-जास्त केला तर पातळी काही लगेच हलत नाही तसं. शिवाय जे हलतं ते दोन-तीन वर्षं उशिरा. आणि मोजणीची एररच तेवढी असते. त्यात इंटकॅल२० हे मोजमापांचं ताट नाही, सगळ्या लॅबच्या आकड्यांतून काढलेला गुळगुळीत वक्र आहे, बऱ्याच काळासाठी मूळ लाकूडच दहा-दहा, वीस-वीस वलयांचे तुकडे करून मोजलेलं होतं. म्हणजे ओळ वर्षाची आहे म्हणून माहिती वर्षाची आहे असं नाही! हे फाईलमध्ये कुठे ठळक लिहिलेलं नाही, पेपर वाचला तर कळतं, म्हणून स्टार गेला.

११ वर्षंच बघायची असतील तर वेगळा माल घ्या. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या निकोलस ब्रेम आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ९६९ ते १९३३ अशी प्रत्येक वर्षाच्या वलयाची मोजणी छापली, एकेक वलय वेगळं, आणि त्यात ११ वर्षांची चक्रं खरंच दिसतात. त्याच्यावरून उसोस्किनच्या गटाने ९७१ ते १९०० मधली ८५ चक्रं काढून दाखवली, त्याआधी थेट निरीक्षणातून जेवढी माहीत होती त्याच्या दुपटीहून जास्त. अर्थात माउंडर, श्पोररसारख्या खोल मिनिममच्या आत एकेक चक्र वेगळं ओळखणं कठीण आहे असं तेच म्हणतात, तेवढा प्रामाणिकपणा आवडला. हा डेटा मला इंटकॅलपेक्षा जास्त थरारक वाटतो पण सुरुवात ह्याने करू नका, आकडे उड्या मारतात आणि धीर सुटतो.

दुसरा पर्याय बेरिलियम-१०. तेच वैश्विक किरण, पण इथे नायट्रोजन-ऑक्सिजनचे तुकडे पडून बेरिलियम होतं, धुळीच्या कणांना चिकटतं आणि वर्ष-दोन वर्षांत बर्फावर येऊन पडतं. साठाबिठा भानगड नाही, त्यामुळे ११ वर्षांचा ठसा दबत नाही. अर्धायुष्य जवळपास १४ लाख वर्षं. ग्रीनलंडच्या डाय-३ नावाच्या ठिकाणच्या बर्फातून युर्ग बेअर आणि मंडळींनी १९९० मध्ये ११ वर्षांचं चक्र दाखवलं, आणि १९९८ मध्ये तर असं दाखवलं की माउंडरच्या काळात डाग नव्हते तरी आत चक्र चालूच होतं. अडचण अशी की बेरिलियम तिथल्या हवामानावर अवलंबून असतं, किती बर्फ पडला, वारा कुठून आला, मध्येच ज्वालामुखी, एकाच बर्फाच्या नळीवर विश्वास ठेवून चालत नाही. म्हणून कार्बन आणि बेरिलियम दोन्ही शेजारी ठेवतात, दोघांना एकच गोष्ट दिसली तर तो सूर्य, एकालाच दिसली तर हवामान. श्टाइनहिल्बर आणि इतरांनी २०१२ मध्ये बर्फ आणि झाडं दोन्ही एकत्र करून ९४०० वर्षांची मालिका केली, ती अमेरिकेच्या नोआ ह्या हवामान-समुद्र संस्थेच्या पॅलिओक्लायमेट (जुन्या हवामानाच्या) साठ्यात फुकट मिळते, तयार जेवण पाहिजे असेल तर ती घ्या.

बेरिलियमवरून आठवलं, ह्या सगळ्या शास्त्राचा एक पाय मुंबईत आहे हे किती जणांना माहितीये? १९५० च्या दशकात टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) बर्नार्ड पीटर्स आणि देवेंद्र लाल हेच काम करत होते, वैश्विक किरणांनी हवेत कुठले आयसोटोप बनतात, पावसातून खाली कसे येतात, समुद्राच्या गाळात बेरिलियम-१० किती आहे. लाल नंतर अहमदाबादच्या पीआरएल ह्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. आजही उत्पादनाचं गणित मांडणारे पेपर लाल आणि पीटर्सचं नाव घेतात. मराठीत ह्याबद्दल वाचायला जवळपास काही मिळत नाही ह्याचं वाईट वाटतं.

पडताळणीसाठी डागांची खरी नोंद पाहिजे तर ब्रसेल्सच्या रॉयल ऑब्झर्व्हेटरीचं सिल्सो. वार्षिक आकडे १७०० पासून, मासिक १७४९ पासून, २०१५ मध्ये सगळी मालिका सुधारून नवीन आवृत्ती काढली ती घ्या, जुन्या वेबसाईटवरचे आकडे मिसळू नका, प्रमाणच वेगळं आहे. फाईल सीएसव्ही म्हणतात पण मध्ये अर्धविराम असतात, एक्सेल सगळं एकाच कॉलममध्ये कोंबतं, टेक्स्ट टू कॉलम्स करा. १७०० ते १८५० मध्ये दोन्ही आलेख एकावर एक ठेवा, इंटकॅलचा उलटा करून, १८१० च्या आसपासची डाल्टन मिनिममची पडझड दोन्हीकडे सापडते का बघा, मुलांना शिकवायला ह्याच्याइतका चांगला प्रयोग नाही, खर्च फक्त लॅपटॉपची वीज.

फाईल नको, नुसता खेळ करायचाय, तर ऑक्सकॅल वापरा, कच्च्या वयावरून खरं वय काढणारं ऑक्सफर्डचं ऑनलाईन सॉफ्टवेअर, फुकट रजिस्ट्रेशन करावं लागतं. तिथे १९० अधिक-उणे ३० असा कच्चा आकडा टाका. उत्तर एक येणार नाही, १७ व्या शतकाचा उत्तरार्ध म्हणेल, १८ वं शतक म्हणेल, आणि २० व्या शतकाची सुरुवात पण म्हणेल! शिवकालीन तुळई की पेशवाईतली की इंग्रजांच्या काळातली, कार्बन-१४ एकट्याने सांगू शकत नाही, आणि त्याला बऱ्याच अंशी तोच माउंडरचा सूर्य आणि नंतरचा कोळसा जबाबदार. कुणी गडावरच्या लाकडाचं "कार्बन डेटिंग करून १६७० सिद्ध झालं" असं सांगत असेल तर वलयं मोजली का विचारा. असाच पण मोठा घोळ इसपू ८०० ते ४०० मध्ये आहे, हॉलस्टाट पठार म्हणतात, चारशे वर्षांतलं काहीही दिलं तरी कच्चं वय २४००-२५०० च्या आसपास येतं, आणि विदर्भातल्या महापाषाणीय दफनांच्या तारखा नेमक्या ह्यात अडकतात.

आणि हो, ह्या आलेखांचे स्क्रीनशॉट घेऊन "तापमानवाढ सूर्यामुळेच" म्हणणाऱ्यांनी सिल्सोचीच १९८० नंतरची ओळ बघावी, चक्रं एकूणात कमजोर होत गेलीत आणि तापमान वर गेलंय. ११ वर्षांच्या चक्रात सूर्याची एकूण ऊर्जा ०.१ टक्क्याच्या आसपासच बदलते.

कुणी घ्यावी: ज्यांना मोठे मिनिमम बघायचेत, शिक्षक, हौशी खगोलवाले, इतिहासाचे विद्यार्थी. कुणी घेऊ नये: ज्यांना पुढच्या सौरचक्राचं भाकीत करायचंय, त्यांनी ब्रेमचा वार्षिक डेटा आणि उसोस्किनची यादी घ्यावी आणि एरर बारसकट आलेख काढावा, एरर बार लपवले की त्यात हवं ते चक्र सापडतं. इंटकॅलचा पाचवा कॉलमही त्याचसाठी आहे, तो डिलीट करू नका.